सुभावयनी, तू काविळीनं गेलीस

वयनी, काल आचऱ्याच्या बाजारात एका ओळखीच्या बाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, तुझी मोठी जाऊ समुद्रात गेली म्हणतात, ते खरं काय? मी सांगितलं, नाही, काविळीनं गेली. तिचा चेहरा जरासा पडला. हळहळली ती, पण घरून निघताना जेवढी हळहळ बरोबर आणली होती तेवढी तिला खर्चता आली नाही. तुझ्यासारख्या बाईनं काविळीनं मरावं हे लोकांना पुरत नाही. गणपतीचे डोळे काढणारी, मधूनच भान हरपणारी बाई. तिनं भरतीच्या वेळी लाटांत चालत जायला हवं होतं, म्हणजे सांगणाऱ्यांची सोय झाली असती.

म्हणून आधी तेच लिहिते. तू माजघरात गेलीस, मार्गशीर्षातल्या एका सकाळी. काचेच्या कौलातून उन्हाचा चौकोन तुझ्या पायांवर पडला होता आणि तू तो पायाची बोटं हलवून हलवून बघत होतीस. मी चमच्यानं पेज पाजत होते. दोन घोट घेतलेस आणि म्हणालीस, "मीठ कमी आसा गो." मी मीठ आणायला उठले. परत आले तेव्हा तुझा डोळा लागलेला होता. वाटलं, झोपू दे. वाटी हातात धरून बसून राहिले. पेज पार निवली तेव्हा मला कळलं. एवढंच झालं. तुझं शेवटचं बोलणं मिठाबद्दल होतं आणि ते बरोबर होतं, नंतर मी चव घेऊन पाहिली.

तेरावा होऊन आज चार दिवस झाले. पाहुणे पांगले. भावोजी शेतावर गेलेत, तुझ्या माघारी त्यांना घरात बसवत नाही. मी शाळेतून रजा घेतली आहे आणि पडवीत बसून तुझ्याशी बोलते आहे. दुपारची वेळ आहे, माडांच्या सावल्या खळ्यात हलताहेत, आणि मला मधूनमधून झापड येते. झापडीत तू येतेस. कोपरापर्यंत माती लागलेली, पदर खोचलेला. मी डोळे उघडते तेव्हा खळ्यात नुसत्या सावल्या असतात.

मी या घरात आले ते पन्नासच्या आसपासचं साल असेल. कणकवलीकडची मुलगी, सातवीची फायनल पास झालेली, त्यामुळे सासरी जरा भीतच आले होते की शिकलेली म्हणून टोमणे पडतील. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू मला घरामागच्या व्हाळावर घेऊन गेलीस. मला वाटलं धुणं असेल. तू ओढ्याच्या काठावर बसलीस, हातानं वरची माती बाजूला केलीस आणि आतला काळा, लोण्यासारखा गोळा काढून माझ्या तळव्यावर ठेवलास. दाब म्हणालीस. मी दाबला. मग विचारलंस, काय म्हणते माती? मी म्हटलं, थंड आहे.

"थंड नाय गो," तू म्हणालीस. "वाट बगता."

त्या क्षणी मला वाटलं, मोठी जाऊ जरा वेगळीच आहे. संध्याकाळपर्यंत मी तुझी झाले होते. तुझ्यापाशी बसलं की साध्या गोष्टींना आणखी एक दार असल्यासारखं वाटायचं आणि ते तू किलकिलं करून दाखवायचीस.

मामंजींची गणपती घडवायची शाळा आपल्याच पडवीत भरायची. पावसाळा सुरू झाला की वाडीवाडीतले लोक आपापल्या घरचा पाट आणून ठेवायचे, त्यावर चिमूटभर तांदूळ आणि सुपारी. पाट ठेवला म्हणजे गणपती करायला सांगितला. भिंतीला टेकून ते पाट ओळीनं उभे राहायचे आणि मग एकेकावर माती चढायची. श्रावणात बाहेर सगळं हिरवं झालेलं असायचं, आणि तो हिरवा उजेड माडाच्या झापांतून गाळून पडवीत यायचा. ओल्या मातीच्या त्या सगळ्या मूर्ती, अजून रंग नाहीत, अजून डोळे नाहीत, त्या उजेडात पाण्याखाली बसल्यासारख्या दिसायच्या. मी धान्य निवडायचं निमित्त काढून तिथंच बसायची.

मामंजींच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरत होता. सोंड, कान, हात ते बोटांच्या सवयीनं करत. पण डोळ्यांची आखणी त्यांना जमेना. ती तू करायचीस. लोक पाट बघायला आले की मामंजी कुंचला हातात घेऊन बसत, आणि लोक गेले की कुंचला तुझ्याकडे येई. सुनेनं डोळे काढले हे कोणी बोलून दाखवत नसे. कळलं मात्र सगळ्या गावाला होतं. कारण मामंजींचे गणपती आधी समोर बघायचे, आणि तुझे गणपती आलेल्या माणसाकडे बघायचे.

पहिल्यांदा तुला ते झालं त्या श्रावणाचं मी किती वेळा आठवून पाहिलंय. कुठल्या दिवशी सुरू झालं ते मला आजही सांगता येणार नाही, कारण सुरुवातीला ते फक्त आनंदासारखं दिसत होतं. तू पहाटेच उठू लागलीस. मग झोपेनाशीच झालीस. गणपतींचं काम संपवून तू पाटांच्या कडा रंगवल्यास, मग सुपं, मग भाताची कणगी, मग गाईची शिंगं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओल्या राखेनं आणि गेरूनं माशांचा एक थवा काढलास, तो चुलीपासून निघून छपरापर्यंत गेलेला. इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं. तू भराभर बोलत होतीस, एकातून एक, हसत होतीस, आणि तुझं बोलणंसुद्धा त्या माशांसारखंच होतं, चमकून वळायचं. मला म्हणालीस, हिरवा रंग तुला हाक मारतो, मला ऐकू येत नाही का? मी कान देऊन ऐकलं, वयनी. खरंच ऐकलं. मला फक्त पागोळ्या ऐकू आल्या, आणि थोडं वाईट वाटलं की मला एवढंच ऐकू येतं.

त्या वर्षी गावभर झालं की यंदाचे गणपती बोलतात. बायका आरतीनंतर मुद्दाम आपल्याकडे येऊन तुला बघून जायच्या. आणि विसर्जन झालं, आणि तू विझलीस. भिंतीकडे तोंड करून निजलीस ती दिवाळी उलटून गेली तरी. जेवायला हाक मारली तर एवढंच म्हणायचीस, माका उठव नको. माशांच्या थव्यावर चुलीचा धूर चढत गेला. मी तुझे केस विंचरायची आणि तू ते दुसऱ्या कोणाचे असल्यासारखं विंचरू द्यायचीस.

आयेनं, आपल्या सासूबाईंनी, देवळात गाऱ्हाणं घातलं. गावचा देवऋषी घाडी आला, त्यानं तांदूळ मांडून काहीबाही सांगितलं. गावात एक बोलणं मात्र तेव्हापासून पक्कं झालं, ते तुझ्या कौतुकानंच झालं होतं म्हणून जास्त कठीण. हात असा चालतो तो त्या वेडाच्या फेऱ्यामुळंच, असं लोक म्हणू लागले. तूही ते ऐकलंस आणि तुला ते पटलं. आपलं सगळं भांडण तिथून सुरू होतं, वयनी.

कारण पुढच्या दोन-तीन वर्षांत तू शांत होतीस. चारचौघींसारखी लावणी केलीस, माझ्या आजारपणात माझं सगळं केलंस, आणि श्रावणात पडवीत बसून सावकाश आखणी केलीस. एक एक डोळा करताना तू श्वास धरायचीस. त्या वर्षांतले गणपती मला अजून दिसतात. आणि त्या हाक मारणाऱ्या वर्षाचेही दिसतात. सगळे त्यांना वाखाणत होते, पण आपल्या शेजारच्या घरातला गणपती आठवून नंतर तूच एकदा व्हाळावर धुणं धुताना हसत सुटली होतीस. "तेचो एक डोळो आचऱ्याक बगत होतो आणि दुसरो मालवणाक." मी लगेच म्हटलं, मग बघ, तूच म्हणतेस, त्या फेऱ्यात हात नीट चालत नव्हता. तू हसायचं थांबवलंस. गोधडी पिळता पिळता म्हणालीस, हात चालत नव्हता, पण दिसत होतं.

मग तो श्रावण आला. तेव्हाही सुरुवात आनंदासारखीच होती, पण मी आता ओळखायला शिकले होते, आणि ओळखून काही करता येत नव्हतं. चतुर्थी दोन-तीन दिवसांवर आलेली. दुपारी जेवणं झाल्यावर पडवीत आले तर तीन पाट रिकामे. तूही नव्हतीस. मी खाडीकडे धावले. पाऊस थांबलेला, ओहोटी, पाणी काचेसारखं पडलेलं. आणि तू कमरेइतक्या पाण्यात उभी होतीस, तिसरा गणपती डोक्यावरून उतरवून हळूच पाण्यावर ठेवत होतीस, मूल पाळण्यात ठेवावं तसा. त्याला अजून रंगही लागला नव्हता. तुझ्या चेहऱ्यावर इतकी शांती होती की मी काठावरच थबकले. मग नेसत्या साडीनिशी पाण्यात शिरले. तुझा हात धरला. तू समजावणीच्या सुरात मला म्हणालीस, "तेंका घराक जावचा होता. तेंचा मन नाय हयसर."

लोक आज जी समुद्राची गोष्ट सांगतात ती बहुतेक त्या दुपारची आहे. तू बुडायला गेली नव्हतीस. पोचवायला गेली होतीस. हाताला धरून आणलं तर आलीसही, वाटेत मला मातीचा वास कसा वर येतो ते सांगत.

तीन घरांचे गणपती ऐन वेळी गेले. एका घरानं मालवणहून मूर्ती आणली आणि आपला पाट आमच्याकडून परत नेला. दुसऱ्या घरातल्या कर्त्या माणसानं मामंजींना खळ्यात उभं राहून सांगितलं की पुढल्या वर्षापासून ही शाळा बंद ठेवा, वेड्या बाईच्या हातचा देव आम्हाला नको. तिसरं घर काशीआजीचं, मासळी विकणारी, मुलगा होडीवर. ती पाटी डोक्यावर घेऊन आली, पाटी उतरवली, पाणी मागितलं. आजी म्हणाली, "आमचो गणपती यंदा आदी गेलो. तेका घाई होती म्हणायचा. आमी पाट पुजतलो." आणि खरंच त्या वर्षी तिच्या घरात नुसत्या पाटाला दूर्वा वाहिल्या गेल्या. मी आरतीला गेले होते. तू माजघरात होतीस, तुला यातलं काही कळलं नाही. पुढे कधीतरी मी सांगितलं तेव्हा तू उठून काशीआजीच्या घरी गेलीस आणि तिच्या ओट्यावर बराच वेळ बसून आलीस. काय बोललात ते दोघींनीही कोणाला सांगितलं नाही.

दसऱ्यानंतर बोटी सुरू झाल्या तेव्हा भावोजींनी तुला रत्नागिरीच्या वेड्यांच्या इस्पितळात न्यायचं ठरवलं. बाईमाणूस सोबत हवं म्हणून मी. आये नको म्हणत होती, तिथून माणूस परत येत नाही म्हणत होती. मालवण बंदरातून होडीनं आगबोटीपर्यंत गेलो. तोवर तुझा फेरा उतरत चालला होता. डेकवर घोंगडी पांघरून तू बसलीस आणि किनारा मागे मागे जाताना बघत राहिलीस. समुद्र तेलासारखा. सगळ्या प्रवासात तू एकदाच बोललीस.

"मालू, थयसर माका पुसतले काय? चुकलेली आखणी पुसतत तशी?"

मी म्हटलं, चुकलेली तेवढीच पुसतील.

तू विचार केलास. "चुकलेली खंयची, ता तेंका कसा कळतला?"

मी तुझा हात हातात घेतला. इतकी वर्षं शाळेत मुलांच्या पाट्या तपासते, चूक कुठली ते मला लगेच दिसतं, आणि तुझा हा प्रश्न आला की मी तिथंच अडते.

डॉक्टर भले होते. ते तुझ्याशी माणसाशी बोलावं तसं बोलले, भावोजींना त्यांनी समजेल असं समजावलं. तू काही महिने तिथं राहिलीस. शॉक दिले, मग गोळ्या आल्या. परत आलीस ती आंब्याला मोहर असताना. आये दारात भाकरीचा तुकडा ओवाळायला उभी होती. तू वाकून नमस्कार केलास, घरात गेलीस, आणि चुलीमागच्या भिंतीवर माशांचा थवा होता तिथं नवा चुना बघून भांडी घासायला घेतलीस. तू बरी झाली होतीस, वयनी. झोपत होतीस, जेवत होतीस, विचारलं की उत्तर देत होतीस. उजवा हात मात्र बारीकसा थरथरायचा.

आयेनं शाळा बंद केली. मामंजींना तिनं ठणकावलं की या पडवीत पुन्हा माती यायची नाही. माती आली की पोरीचं डोकं जातं. मला वाटलं होतं तू भांडशील. भात कांडताना मी विचारलं, तुला काहीच वाटत नाही का?

"गोळी घेतलय की सगळा दिसता," तू म्हणालीस. "पण काय म्हणणा नाय."

त्या वर्षी आपण खूप भांडलो. लावणीच्या चिखलात, व्हाळावर, अंगणात काजूच्या बिया फोडताना. तू गोळी जिभेखाली ठेवून टाकून द्यायचीस, मी पकडायची. तू विचारायचीस, तुम्ही मला बरी करताय की अर्धी करताय? मी म्हणायची, पाण्यात उभी होतीस ती पुरी होतीस का? एकदा मी रागानं बोलून गेले की देवानं तुला हात दिला आणि आजारानं तो चोरला, आणि तू चोरालाच दाता समजून बसलीस. तू म्हणालीस, तू शिकलेली आहेस, बोलायला बरं जमतं तुला. पण ओली माती उभी राहत नाही आणि सुकली की तिला तडा जातो, मूर्ती करायची ती मधल्या वेळात. तो मधला वेळ कोण सांगणार, तुझा डॉक्टर?

पाट परत आले ते दुसऱ्या पावसाळ्यात. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. सकाळी दार उघडलं तर पडवीच्या कडेला काशीआजीचा पाट, वर तांदूळ, सुपारी. दोन दिवसांनी आणखी चार. मग आणखी. शाळा बंद करा म्हणणाऱ्या घरचा आला नाही, कधीच आला नाही. आये दारात उभी राहून त्या पाटांकडे बघत होती. मला वाटलं ती उचलून खळ्यात फेकेल. ती वळली आणि मागच्या दारानं वाडीत निघून गेली. मामंजी चाचपत चाचपत बाहेर आले, एकेक पाट बोटांनी ओळखला, आणि मग माती आणायला मोठ्या सुनेला हाक मारली. पहिल्यांदाच, गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "सुभा, माती हाड गो."

तू माझ्याकडे बघितलंस. घाबरली होतीस. मी म्हटलं, मी आहे.

हात थरथरतच होता. पहिल्या गणपतीचा डोळा तू पुसलास, परत काढलास, परत पुसलास. मग डाव्या हाताची मूठ करून तिच्यावर उजवं मनगट टेकवलंस आणि श्वास धरलास. रेघ आली. पूर्वीसारखी झर्रकन नाही, थोडी जाड, थोडी सावकाश. पापणी खाली उतरली. जमेल तसे करता करता त्या वर्षी सगळ्याच गणपतींच्या पापण्या खाली उतरल्या, आणि ते कोणाकडेच बघेनासे झाले. तुला रडू आलं. गेलं ते, म्हणालीस. पाट न्यायला पहिली काशीआजी आली. ती मूर्तीसमोर उकिडवी बसली, मान एकीकडे कलती करून न्याहाळत राहिली. आपण दोघी खांबाआड. मग ती सहज, मासळीचा भाव सांगावा तसं बोलून गेली, "आदी तुमचो गणपती बगी. आता आयकता."

त्यानंतरची वर्षं माझ्या मनात एकमेकांत मिसळून गेली आहेत, एकच लांब, हिरवट दुपार असल्यासारखी. पाट थोडे, गणपती थोडे. मामंजी गेले. मला शाळेत नोकरी लागली, आमच्या ह्यांची मुंबईची नोकरी तशीच चालू. मी शाळेतून यायची तेव्हा तू पडवीत असायचीस आणि न बघता म्हणायचीस, मास्तरीण इली. आपण चहा घ्यायचो. आपलं भांडण तेव्हाही होतंच, पण आता ते घरातल्या जुन्या मांजरासारखं झालं होतं, येऊन पायाशी बसायचं.

आणि लोकांना हे कोणी सांगणार नाही म्हणून मी लिहिते. दर वर्षी पाट यायला लागले की तू भ्यायचीस. रोज सकाळी स्वतःलाच तपासायचीस, झोप झाली का, बोलणं भराभर होतंय का. तो फेरा तुझ्या दाराशी आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा ओळखलंस ते तूच. एकदा तर मी शाळेला निघाले होते, तू हात मातीत असतानाच मला थांबवलंस, "मालू, रंग बोलूक लागले. गोळी दी." डॉक्टरांनी अशा वेळेसाठी सांगून ठेवलेली जादा गोळी मी दिली. ती घेताना तू पडवीतल्या त्या हिरव्या उजेडाकडे ज्या नजरेनं बघितलंस, तसं मी फक्त सासरी निघालेल्या मुलींना आईकडे बघताना पाहिलं आहे. मग घोट घेतलास. काही दिवस तू मंद होतीस, मग परत आखणीला बसलीस. गावाला यातलं काही कळलं नाही. गावाला तू वेड्या फेऱ्यात मोठी दिसलीस. मला तू त्या घोटाला मोठी दिसलीस.

या दिवाळीत आपण शेवटचं भांडलो. तुझे डोळे तेव्हाच पिवळे झाले होते, आपल्याला वाटलं पित्त असेल. मी विषय काढला, की वयनी, आता तरी मान, तुझी चांगली आखणी सगळी शहाणपणातली. तू पोहे भिजवत होतीस. म्हणालीस, "बगून इलंय तेव्हा. काढलंय मागसून." मी म्हटलं, परत आलीस म्हणून काढू शकलीस ना? तिथेच राहिली असतीस तर? तू पोह्यांवरचं पाणी झटकलंस आणि म्हणालीस, बरोबर आहे तुझं. आणि मी जिंकल्याच्या आनंदात असतानाच पुढं म्हणालीस, पण गेलेच नसते तर? तेवढ्यात कोणीतरी फराळाला आलं. आपण दोघी उठलो. ते तसंच राहिलं.

आता एक गोष्ट सांगायची आहे. तुला सांगता आली असती तर मी धावत आले असते, कारण ती फक्त तुझ्याच कामाची आहे.

काल संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी आये माझ्याजवळ येऊन बसली. म्हातारी झालीय, आता काठीशिवाय उठत नाही. तू म्हणायचीस ना, आयेला माझे हात आवडत नाहीत म्हणून. तिनं खळ्याकडे बघत बोलायला सुरुवात केली. म्हणाली, मी लग्न होऊन आले तेव्हा फुगडीची गाणी रचायची. गौरीच्या वेळी दुसऱ्या वाड्यांतल्या बायका ऐकायला यायच्या. उभ्या उभ्या गाणं यायचं. मग एका वर्षी ते थांबेना. जेवताना, शेण काढताना, गाणंच. झोप गेली. तिच्या सासऱ्यांनी तिला गोठ्यात बांधून घातलं, गुरांच्या शेजारी. किती दिवस ते तिला माहीत नाही. उतरलं तेव्हा तिनं शपथ घेतली की तोंडातून पुन्हा गाणं काढायचं नाही. काढलं नाही. मुलांना झोपवतानासुद्धा नाही. "माका वाटला, तिचो हात थांबवलो तर तिचा डोक्या ऱ्हवात," ती म्हणाली. "माझा ऱ्हवला."

मी विचारलं, आये, त्यातलं एखादं गाणं आठवतं का? तिनं बराच वेळ शोधलं. मग मान हलवली. "एकव नाय."

खळ्यात अंधार उतरत होता. तिनं मला विचारलं, सुभाला भीती वाटायची का.

"दर वर्सा, आये. रोज."

"आणि तरीव करी?"

"तरीव करी."

आये काठी टेकत उठली आणि भाताचं आधण ठेवायला आत गेली. चुलीपाशी ती हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होती, मध्येच थांबत होती, परत सुरू करत होती. शब्द कळत नव्हते. मी विचारायला आत गेले नाही.